नवतपा संपेपर्यंत राहा

...आन कूलरसमोर मांडी घालून बसलाय, हातात कैरीचं पन्हं, आन मला विचारतो काय, तर "आप्पा, नवतपा म्हणजे नेमकं काय हो?" आता तुम्हीच सांगा! भर दुपारची वेळ, बाहेर डांबर वितळून चपलेला चिकटतंय, कूलर बादलीमागून बादली पाणी पितोय, हौदात काठी बुडवली तर नुसतं काठीचं बूड ओलं होतंय, आन ज्याच्यापायी हे सगळं चाललंय तोच मला विचारतो, नवतपा म्हणजे काय! ओठांवर आलं होतं, आरशात बघ ना बाबा! पण जावई पडला. जावयाला असं म्हणता येतं का? नाय येत. मग मी हसलो. तुम्हाला सांगतो, त्या दिवसांत मी जेवढा हसलो ना, तेवढा स्वतःच्या लग्नात नाय हसलो. नवतपा म्हणजे काय, मला विचारा!

थांबा, नीट सांगतो, नायतर तुम्ही म्हणाल म्हातारा उन्हानं बरळायला लागला. आमची एकुलती एक तनुजा, गेल्या साली दिली तिला चिपळूणकरांच्या घरी. जावई हिमांशूराव, पुण्यात नोकरीला, माणूस म्हणाल तर लाखात एक, बोलणं मऊ, व्यसन कसलं नाय, फक्त एकच खोड... आंघोळ! सकाळी एक, संध्याकाळी एक, आन शॉवरखाली गाणं म्हणत, आन गाणं अर्ध्यात सोडायची सवय नाय. बरं, त्याची तरी काय चूक? चिपळूणचं माणूस! त्यांच्या विहिरीचं पाणी म्हणे पावसाळ्यात नुसतं वाकून हातानं घेता येतं. त्याला काय माहीत, आमच्या सिडकोत नळ आठव्या दिवशी येतो, कधी नवव्या, आन आला तरी आधी नुसती हवा येते, फुस्स... फुस्स... आन घरातले सगळे त्या फुस्सकडं कान लावून बसलेले असतात.

आन मी कुठं नोकरी केली माहिती आहे का? पाटबंधारे खात्यात. हसा, हसा! आमच्या घरच्यांनी, वच्छलाबाईंनी, तेवढं हसून झालंय.

आता खरी गोम ऐका. हिमांशूरावांची कंपनी इकडं, आमच्या शहराबाहेरच्या शेंद्र्याला, नवीन कारखाना टाकतीय. साहेब त्याला म्हणला, जातो का तिकडं? आन तनूचा मला फोन, "आप्पा, यांचं मन अर्धं झालंय. मी पण लई मागं लागलीय. फक्त सासूबाईंना पाण्याची काळजी आहे." फक्त पाण्याची! तुम्हाला सांगतो, पोरगी गेल्यापास्नं घर नुसतं खायला उठतंय, संध्याकाळी आम्ही दोघं दोन खुर्च्या टाकून बसतो आन काय बोलतो? काय नाय. ती म्हणते कूलर बंद करू का, मी म्हणतो कर. आन ती पोरगी शेंद्र्याला येणार, स्कूटरवर जाऊन नातवंडं बघता येतील अशी येणार... आन मधी काय आडवं? पाणी!

मग विहीणबाईंचा फोन. "अहो, टीव्हीवर दाखवतात, तुमच्याकडे टँकर, हंड्यांच्या रांगा... कसं करता हो तुम्ही?" आन माझी जीभ! माझी जीभ माझी नाय हो, वैऱ्याची आहे. मी म्हणलं, "छे हो विहीणबाई! ते तिकडं, लांब. आमच्याकडं चोवीस तास!" फोन ठेवला, मागं वळलो, तर वच्छलाबाई कमरेवर हात देऊन उभ्या. "चोवीस तास? आवो, कोणत्या नळाला? मला पण दाखवा, मी पण आंघोळ करते." मी म्हणलं, गप, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. आता यंदा ज्येष्ठ अधिक आला, धोंड्याचा महिना, जावयाला बोलवायचंच होतं, पहिलाच धोंडा. दोन दिवस येतील, तेल-उटणं लावून न्हाऊ घालू, तेहतीस अनारसे देऊ, चांदीची समई देऊ, पाय धुऊ, आन जातील. दोन दिवस पाणी पुरवायला काय होतंय?

आन पुरवलं! तुम्हाला सांगतो, आदल्या दिवशीच नळ आला होता, हौद गच्च, वरची टाकी गच्च, पिंप, पातेली, कुकरसुद्धा भरून ठेवला. आम्ही दोघांनी दोन दिवस ओल्या पंच्यानं अंग पुसलं आन वरून पावडर मारली. जावयानं शॉवरखाली अख्खी गाणी म्हणली. तिसऱ्या दिवशी सकाळी बॅग घेऊन दारात उभा! मी मनात म्हणलं, जिंकलो!

आता आमच्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. पाहुणा निघाला की म्हणायचं, "राहा की अजून." तो म्हणतो, "नको हो, कामं आहेत." मग आपण बॅग हिसकावल्यासारखी करायची, त्यानं ओढल्यासारखी करायची, आपण "बरं, मग पुढच्या वेळी" म्हणून सोडून द्यायची. संपलं! कुणाचं नुकसान नाय, दोघांची इज्जत राहते, पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. मी म्हणलं, "राहा की." तो म्हणला, "नको आप्पा, कामं आहेत." इथपर्यंत बरोबर! इथं मी थांबायचं की नाय? पण नाय, जिभेला खाज! म्हणलं, "अहो, आज नवतपा लागला! नवतप्यात प्रवास करतं का कुणी? नवतपा संपेपर्यंत राहा!" आन बॅगेला हात घातला... आन बॅग माझ्या हातात! त्यानं ओढलीच नाय हो! सोडून दिली! मी तसाच उभा, हातात बॅग, आन तो विचारतो, "किती दिवस असतो हा नवतपा?" माझ्या तोंडातून निघालं, "नऊ." तो तनूकडं बघून म्हणतो, "मग राहू या ना! लॅपटॉप आहेच, इथूनच काम करतो. आप्पा एवढं म्हणतायत तर." आन चपला काढून थेट... कुठं गेला असेल? आंघोळीला! निघायच्या गडबडीत म्हणे नीट झाली नव्हती.

नवतपा म्हणजे काय, मला विचारा! नवतपा म्हणजे हातात आलेली बॅग.

आन त्या दिवसापास्नं त्याच्या डोक्यात तो शब्द बसला. कोकणात म्हणे नवतपा नसतो. नसतो! कसा असेल, त्यांच्याकडं सूर्याला घाम फुटतो. "आप्पा, हा शब्द आला कुठून?" आता मला काय माहीत कुठून आला? लहानपणापास्नं ऐकतो, मेच्या शेवटाला लागतो, जीव काढतो आन जातो. पण सासऱ्यानं जावयासमोर 'माहीत नाय' म्हणायचं? मी म्हणलं, "फार जुना आहे." "किती जुना?" "म्हणजे... लईच." "पण अर्थ?" "नऊ दिवस तापायचं." "पण मग दहाव्या दिवशी ऊन कमी होतं का?" "नाय होत." "मग नऊच का?" बघा! असं विचारतो! वकील व्हायचा माणूस हो, चुकून इंजिनियर झाला.

शेजारी आमचे तात्यासाहेब, शाळेत संस्कृत शिकवायचे. गेला त्यांच्याकडं. मी मागं मागं. कारण तात्यासाहेबांना आमच्या चोवीस तासांचं माहीत नव्हतं ना! ते बोलता बोलता म्हणले, "काय हो, नळ कधी..." की संपलं! तात्यासाहेबांनी चष्मा लावला, पंचांग काढलं, आन सुरू, "हे पहा, नव म्हणजे नऊ. तप म्हणजे तापणे, आणि तप म्हणजे तपश्चर्याही. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो. रोहिणी ही चंद्राची लाडकी पत्नी. चंद्राच्या घरात सूर्य पाहुणा म्हणून येतो आणि घरातला गारवा जातो. त्या दिवसांत पृथ्वी तप करते, म्हणून नवतपा." आन जावयाकडं बघून, "तुम्ही तर हिमांशू! म्हणजे चंद्रच की!" जावई खूष, मोबाइलवर टिपून घेतोय. मी सहज विचारलं, "हा पाहुणा असतो किती दिवस?" तात्यासाहेब म्हणतात, "रोहिणीत? असेल पंधरवडाभर. त्यातले पहिले नऊ दिवस..." जावई लगेच, "म्हणजे खरं तर पंधरा दिवस?" माझ्या तोंडचं पाणी पळालं! मी ओरडलो, "नऊ! नऊच! पुढचे धरत नाय कुणी!" तात्यासाहेब चष्म्यावरून माझ्याकडं बघायला लागले. म्हणले, "ओरडता कशाला? ऊन लागलं का?"

मग दुपारी आमच्या मेहुण्याचा, कृष्णाचा फोन, देवगाव रंगारीहून. त्याची तिथं कपाशी. नवतपा लागला की तो रोज फोन करतो, जसं काय ऊन मीच पाठवतो. "दाजी, तापतंय का तिकडं?" म्हणलं, लई. "झ्याक! तापू द्या! ढग आलं तर सांगा." जावयानं फोन हातातून घेतला, "मामा, नवतपा म्हणजे काय?" आन कृष्णा म्हणतो, "आवो पाव्हणं, सोप्पं हाय. कोंबडी अंड्यावर बसती ना, तसं. ऊन जिमिनीवर बसतंय. नऊ दिस हालायचं नाय. मधीच पाऊस पडला, म्हंजी कोंबडी उठली. अंडी गार! मंग म्होरं मिरगात पाऊस येत नाय, खंड पडतो. म्हून तापलं पायजे." जावयाला हे लई पटलं. म्हणला, "म्हणजे हा उन्हाळा सहन करायचा नसतो, राखायचा असतो!" मी म्हणलं, व्हय. मी पण राखतच होतो. फक्त ऊन नाय, हौद.

तुम्हाला सांगतो, माझं काम काय राहिलं होतं? काठी! उठलो की काठी, जेवलो की काठी, हौदाचं झाकण सरकवायचं, काठी बुडवायची, वर काढायची, कुठपर्यंत ओली झाली ते बघायचं. तनू मागून येऊन म्हणायची, "आप्पा, सांगून टाका ना त्यांना. ते काय म्हणणार नाहीत." म्हणलं, त्याचं नाय गं, त्याच्या आईचं आहे, आन शेंद्र्याचं आहे. गप बस. आजचा दिवस काढ. पोरगी पण बिचारी काय करणार? मोरीत बादली ठेवून तोंड धुतलेलं पाणी कुंड्यांना घालत होती, लपून, चोरासारखं, स्वतःच्या बापाच्या घरात. ते बघून दोनदा जावयाच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो, खरं सांगतो. पण जीभ उचलेना. एरवी नको तिथं वळवळते, आन तेव्हा उचलेना!

आन एके दिवशी सकाळी अंगणातून सर्र सर्र आवाज. पाणी पडल्याचा. मला वाटलं स्वप्न बघतोय. बाहेर येऊन बघतो तर जावई, लुंगी खोचून, रबरी पाइप लावून माझी स्कूटर धुतोय! "आप्पा, एवढं करताय आमच्यासाठी, म्हटलं थोडी सेवा!" सेवा! पाणी गेटमधून रस्त्यावर चाललंय, समोरच्या भामाबाई गॅलरीत उभ्या राहून बघतायत, त्यांचा जबडा खाली पडलेला, गल्लीतलं कुत्रं येऊन त्या पाण्यात लोळतंय! मी म्हणलं, "राहू द्या... राहू द्या हिमांशूराव... झाली स्वच्छ." तो म्हणतो, "थांबा, अजून साबण लावायचाय!" नवतपा म्हणजे काय, मला विचारा! दुष्काळात चकाकणारी स्कूटर घेऊन भाजी आणायला जायचं, आन वाटेतल्या लोकांच्या नजरा पाठीवर घ्यायच्या, त्याला म्हणतात नवतपा.

बरं, एवढं होऊन पण मी हिशोब लावला होता, की नळाची पाळी आली की भरतंय. आली का पाळी? नाय आली! वर कुठंतरी पाइप फुटला म्हणे, आमची पाळी गेली पुढं. सगळी गल्ली बोंबलत होती, आन मी एकटा खिडक्या लावत फिरत होतो, आवाज आत जाऊ नये म्हणून. जावई म्हणतो, "बाहेर कसला गोंधळ?" म्हणलं, "मुलं क्रिकेट खेळतायत." त्या उन्हात!

मग शेवटचा उपाय, सांडू. सांडूचा टँकर आहे, शेंद्र्याकडच्या विहिरीवरनं भरून आणतो, आन नवतप्यात सांडूचा भाव काय वर्णावा, मोठमोठी माणसं त्याला 'सांडूभाऊ' म्हणतात. मी म्हणलं, सांडूभाऊ, एक टँकर, पण गुपचूप. तो म्हणला, "आप्पा, टँकर हाय, साडी न्हाय, गुपचूप कसा आणू?" म्हणलं, मी बघतो. जावयाला म्हणलं, हिमांशूराव, तुम्ही आमचं शहर बघितलंच नाय! तनू, घेऊन जा यांना. कुठं पाठवू, कुठं पाठवू... तोंडात आलं, पाणचक्की! जा, पाणचक्की बघा, येता येता छावणीत काहीतरी गार खा, सावकाश या. गेली दोघं. सांडू आला उशिरा, पाइप हौदात सोडला, धो धो पाणी चाललंय, माझ्या जिवात जीव येतोय... आन गेटमधून आवाज, "आप्पा! काय ऊन हो! अर्ध्या वाटेतून परत आलो!"

मी बघतो टँकरकडं. तो बघतो टँकरकडं. पाइप हौदात. आता सांगा, काय बोलणार माणूस? खरं बोलायला यापेक्षा चांगला मुहूर्त होता का? पण माझी जीभ! जीभ म्हणाली, "अहो हे... हे काय... आपलंच पाणी नेतोय तो!" "म्हणजे?" "म्हणजे हौदात जास्त झालंय ना. चोवीस तास येतंय, करायचं काय? म्हणलं, गोरगरिबांना तरी जाऊ द्या!" तुम्हाला सांगतो, माझ्या कानांनी ते ऐकलं आन माझाच विश्वास बसेना. सांडूनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा जावयाकडं, आन तो पण पक्का, म्हणला, "व्हय व्हय, आप्पा लई दानशूर माणूस. दर साली देतेत." मी म्हणलं सुटलो. पण हिमांशूरावांचे डोळे भरून आले हो! खरंच भरून आले! माझ्या पाया पडला, तिथंच, टँकरच्या चाकापाशी. म्हणला, "या दुष्काळात पाण्याचं दान! आणि तुम्ही कधी बोललासुद्धा नाहीत!" आन लगेच मोबाइल काढून आईला फोन!

माणसानं एवढ्यावर थांबावं की नाय? पण भला माणूस थांबत नाय, हाच तर त्याचा त्रास! जेवण झालं, मी जरा आडवा झालो, डोळा लागला. जाग आली ती भांड्यांच्या आवाजानं. बाहेर येतो तर गेट सताड उघडं, जावई हौदावर उभा, बादलीनं पाणी काढतोय आन गल्लीतल्या बायकांना देतोय! "घ्या, घ्या काकू, आप्पांचं पाणी, लाजू नका!" भामाबाई दोन हंडे घेऊन, त्यांच्या मागं त्यांची सून, मागं आख्खी रांग, आन सगळ्या मला आशीर्वाद देतायत! ज्या बाईनं स्कूटर धुताना बघून माझ्या सात पिढ्या काढल्या होत्या, ती म्हणते, "आप्पा, उगं बोलले हो मी. तुमचं काळीज लई मोठं." रांगेत शेवटी कोण? तात्यासाहेब! हातात तांब्या नाय, बादली! मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना सगळं ठाऊक झालं होतं, टँकर त्यांच्याच खिडकीखाली थांबला होता ना! हळूच म्हणतात, "दान सत्पात्री असावं म्हणतात," आन बादली पुढं केली. वच्छलाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. आत गेल्या, घरचाच हंडा घेऊन आल्या आन तात्यासाहेबांच्या मागं रांगेत उभ्या राहिल्या. तो हंडा तुम्हाला सांगतो, नवतप्यापेक्षा जास्त लागला.

संध्याकाळी काठी बुडवली. खट् करून आवाज आला. तळाला लागली.

आन दुसऱ्या दिवशी आभाळात ढग! चांगला काळा, मोठा, शहरावर येऊन थांबलेला. माझ्या मनात आलं, पडू दे! एकच सर पडू दे, गच्चीच्या पाइपाखाली पिंप लावतो, इज्जत वाचते. गच्चीवर उभा राहून देवाला हात जोडले. तेवढ्यात फोन. कृष्णा. "दाजी, ढग हाय का?" म्हणलं, हाय. "हाकला!" तुम्हाला सांगतो, हसायला नाय आलं मला. "दोन साल झाली दाजी, नवतपा गळतोय आन सारं साल वाया जातंय. यंदा एक थेंब नको." मी इकडं एका पिंपासाठी पाऊस मागतोय, आन तिकडं त्याचं वर्ष. खाली बघितलं तर गल्लीतली माणसं पण बाहेर येऊन त्या ढगाला शिव्या घालतायत, घामानं निथळतायत आन म्हणतायत, जा बाबा, जा, पुढं जा! मी पण म्हणलं, जा. आन गेला. असा नवतपा. जिथं गारवा मागायची पण लाज वाटते.

त्या दुपारी मी तनूला बघितलं. स्वयंपाकघरात उभी होती, वरच्या टाकीतलं उरलंसुरलं नवऱ्याच्या आंघोळीला राखून, पातेल्याच्या बुडाचं पाणी वाटीनं गोळा करून त्याच्यासाठी चहा टाकत होती. आन माझ्या डोक्यात उजेड पडला. मी हे सगळं कशासाठी करतोय? पोरगी जवळ यावी म्हणून. आन आली, म्हणजे काय होईल? असंच! जन्मभर वाटीनं पाणी गोळा करत उभी राहील, तिकडं त्या नवीन बिल्डिंगींमध्ये, जिथं आमच्यासारखा आठव्या दिवसाचा नळ पण नाय. आन कुणामुळं? बापाच्या जिभेमुळं! नको म्हणलं. लांब राहू दे, पण सुखात राहू दे. मला रडू आलं हो. या वयात, मोरीत तोंड लपवून रडलो, आन डोळे धुवायला पाणी नाय.

नवतपा संपला त्या सकाळी त्यांची निघायची तयारी. मी अंगणात खुर्ची टाकली, म्हणलं, "हिमांशूराव, बसा. मी खोटं बोललो. आमच्याकडं नळ आठवड्यानं येतो. तो टँकर पाणी न्यायला नाय, द्यायला आला होता. हौद रिकामा आहे. इकडं येऊ नका. बदली घेऊ नका. माझ्या पोरीचे हाल होतील." बोललो! एका दमात! छाती अशी हलकी झाली!

आन तो हसतोय.

"तनूनं पण कालच हेच सांगितलं," म्हणतो, "पण मला कळतं आप्पा. तात्यासाहेबांनी मला तुमच्याकडची पद्धत समजावून सांगितली. तुमच्याकडे 'राहा' म्हणजे 'जा'. आधी मला फार वाईट वाटलं, उगाच राहिलो म्हणून. पण मग 'येऊ नका' म्हणजे काय, तेही कळलं! आणि दान केलेलं तुम्ही लोक कबूल करत नाही, हेही कळलं." मी म्हणलं, "आवो नाय हो! या वेळी खरं बोलतोय! आईची शपथ!" तनू म्हणते, "अहो, खरंच!" वच्छलाबाई आतून ओरडतात, "जावईबापू, आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललेत, ऐका त्यांचं!" मी म्हणलं, "तो बघा नळ! उघडाच आहे! आहे का थेंब?" आन नळाकडं हात केला...

आन नळ आला! फुस्स नाय, हवा नाय, सरळ धो धो! तो पाइप नीट झाला होता म्हणे. खोटं बोलत होतो तेव्हा पाळी चुकवतो, आन एकदा, एकदा खरं बोललो तर हा माझ्या तोंडावर धो धो! जावई त्या नळाकडं बघतो, माझ्याकडं बघतो, आन हसून हसून खुर्चीवर बसतो. "आप्पा, तुमच्यापुढं हात टेकले!" आन मग म्हणतो, "बरं, आता सांगूनच टाकतो. कंपनीला मी होकार कळवलाय. फ्लॅटसुद्धा बघून ठेवलाय, शेंद्र्याच्या अलीकडे, सातवा मजला, हवा छान आहे. बिल्डर म्हणाला, पाण्याची लाइन अजून आलेली नाही, कधी येईल सांगता येत नाही. म्हटलं, काळजी नाही." मी म्हणलं, "काळजी कामून नाय?" म्हणतो, "अहो, तुमच्याकडे आहे ना चोवीस तास! आम्ही तुमच्याकडून नेऊ."

तनू माझ्याकडं बघत होती. हसू आवरत होती का रडू, मला कळलं नाय. पण पोरगी येणार होती हो, शेंद्र्याला, स्कूटरवर जाता येईल एवढ्या जवळ. मग मी काय म्हणणार होतो?

म्हणलं, "न्या."

आन नळ गेला.